वाळवंटात गवत उगवलं, तर बिघडलं कुठे?

मागच्या अंकात उत्तरं उशिरा का गेली, याचं कारण सांगताना मी दोन ओळी लिहिल्या होत्या. हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनला गेले होते आणि तिथे एका शनिवारी वाळवंटातलं अंजन गवत उपटायला गेले, एवढंच. उत्तरं उशिरा आली म्हणून एकही पत्र नाही. गवत का उपटलं म्हणून मात्र गठ्ठा आला आणि त्यात दोन-तीन पत्रं चांगलीच घुश्शातली. तेव्हा कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण कसा घालवायचा, हे पुढच्या अंकात. या वेळी फक्त गवत.

प्रश्न : बाई, मी मूळचा माण तालुक्यातला. दुष्काळात आमच्याकडे जनावरांना काडी मिळायची नाही, छावणीत न्यावी लागायची. तिकडे वाळवंटात आपसूक गवत उगवतंय आणि जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई ते उपटते? हिरवं झालं तर वाळवंटाचं भलंच ना?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचा राग समजतो. पहार हातात दिली तेव्हा माझाही हात अडखळला, कारण जिच्यावर ती चालवायची ती जात ओळखीची निघाली. कोल्ह्याच्या शेपटीसारखं बोटभर कणीस, जांभळट तपकिरी. दोन बोटांत धरून ओढलं की केसाळ दाणे चिमटीत येतात. सहलीला नेलेल्या मुलांना पंचवीस वर्षं मी हेच कणीस सुप्याच्या माळावर दाखवलंय. अमेरिकेत त्याला बफेलग्रास म्हणतात, शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिॲरिस, आपल्याकडे अंजन. (अंजनाचं झाड वेगळं. दरवर्षी निम्मा वर्ग परीक्षेत झाडाचंच वर्णन लिहून यायचा.) मी मुलाला मोठ्याने म्हटलं, "अरे, हे तर आपल्याकडचं!" तो म्हणाला, "आई, जरा हळू बोल."

टूसॉनच्या आसपासचं सोनोरन वाळवंट म्हणजे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. खडकाळ डोंगर, काटेरी झुडपं आणि त्यांच्यातून वर गेलेले दोन-तीन मजली सवारो निवडुंग. (स्पेलिंगमध्ये 'ग' असतो, बोलताना गिळतात. आपण सिंहगडाचा 'सिंव्हगड' करतो, तेव्हा हसायला नको.) हा सवारो फार सावकाश वाढतो. पहिल्या ८ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच. फूल यायला ३५ वर्षं, बाजूला पहिला हात फुटायला ५० ते ७५. मग मात्र दीडशे वर्षं सहज उभा राहतो. कोवळेपणी तो पालो व्हर्दे नावाच्या हिरव्या खोडाच्या झाडाखाली, सावलीत वाढतो. त्या झाडाला तिथले अभ्यासक दाईझाड म्हणतात. मोठा झाला की त्याच्या खोडात सुतार पक्षी घर कोरतात, ते सोडून गेले की चिमणीएवढी घुबडं त्यात राहायला येतात. रात्री फुलांवर वटवाघळं येतात. जूनमध्ये तिथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधाम लोक, सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब आकडी बांधून त्याची फळं पाडतात. आपण कैऱ्या पाडतो तशी.

आता त्या वाळवंटात चालताना एक गोष्ट दिसते. दोन झुडपांच्या मध्ये चार-पाच पावलं नुसती जमीन असते. खडी, माती, बाकी काही नाही. आपल्यासारख्या माणसाला ते बघून वाटतं, काय ओसाड आहे! कुणीतरी काहीतरी लावायला हवं इथे. पण त्या वाळवंटाचं सगळं संरक्षण त्या मोकळ्या जागेत आहे. उन्हाळ्यात वीज पडते, एखादं झुडूप पेटतं आणि तिथल्या तिथे विझतं, कारण पुढच्या झुडपापर्यंत आगीला न्यायला मध्ये काहीच नसतं. हजारो वर्षं हे असंच चालल्यामुळे तिथल्या बहुतेक झाडांना आगीची सवयच नाही. जाड साल नाही, जळाल्यावर खालून फुटायची ताकद नाही. सवारो तर पाण्याने भरलेला हंडाच. तो जळून राख होत नाही, शिजतो. काही लगेच पडतात, काही वर्ष-दोन वर्षं उभे राहून मग कोसळतात.

अंजन नेमकं त्या मोकळ्या जागेत शिरतं. ठोंबाला ठोंब लागतो. पावसाचे मोजके आठवडे ते हिरवं असतं, आणि तुमचं 'भलंच ना' तेवढ्या आठवड्यांपुरतं खरं आहे. उरलेलं वर्षभर ती उभी गंजी असते. ती पेटली की ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. सवारो, पालो व्हर्दे, सगळं गेलं, आणि अंजनाचं काय? मुळातून ते पुन्हा फुटतं. मोकळ्या झालेल्या जागेत आणखी पसरतं, पुढच्या आगीला आणखी सरपण. परकी गवतं आणि आग एकमेकांना कशी पोसतात, हे १९९२ मध्ये कार्ला डॅन्टोनिओ आणि पीटर व्हिटूसेक या दोन शास्त्रज्ञांनी नीट मांडलं आणि तेव्हापासून 'गवत-आग चक्र' हा शब्दच रूढ झाला. आग लागायच्या आधीही गवताचं काम चालूच असतं. त्याची मुळं वरच्यावरचं पाणी ओढून घेतात आणि एक-दीड इंची सवारोच्या वाट्याला काही उरत नाही.

आणि हे तिथे आपसूक उगवलेलं नाही बरं का. तुमच्या पत्रातला तो शब्द वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत भयंकर दुष्काळ पडला होता, शेतांची माती वाऱ्याने उडून जात होती, गुरांना चारा नव्हता. तुमच्या माणसारखीच अवस्था. तेव्हा तिथल्या सरकारच्या मृद्‍संधारण खात्याने कोरड्या जमिनीत तगणारी गवतं जगभरातून गोळा करून लावून पाहिली. आफ्रिकेतून आणलेलं हे गवत सगळ्यांत चिवट निघालं. १९४० च्या दशकात टेक्ससमध्ये ते शेतकऱ्यांना वाटलं गेलं. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात तर गुरांसाठी लाखो एकर मूळचं रान नांगरून ते पेरलं. तिथला गुराखी आजही त्याला दुवा देतो आणि त्याचं चुकत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण बियांना सीमा कळत नाही. केसाळ बी वाऱ्याने जातं, गाडीच्या चाकांना चिकटून महामार्गाच्या कडेने जातं, माझ्या सलवारीला चिकटून मुलाच्या घरापर्यंत आलं होतं. २००५ मध्ये ॲरिझोना राज्याने त्याला घातक तणांच्या यादीत टाकलं.

उपटायचं म्हणजे हाताने नाही. जमीन चुनखडीने इतकी कडक झालेली असते की पहार घालून ठोंब मुळासकट उचकटावा लागतो. मग माती झटकायची आणि कणसं गळू न देता पिशवीत भरायचं. औषधाची फवारणीही करतात, पण गवत हिरवं असेल तरच ती लागू पडते. म्हणजे जुलै ते सप्टेंबरच्या पावसानंतर; त्या पावसाला ते लोक चक्क 'मॉन्सून' म्हणतात. हिवाळ्यात पहारच. आमच्या गटात सत्तरीतल्या एक शाळामास्तरीण होत्या, तीन तासांत त्यांनी चाळीस ठोंब काढले. माझे अकरा झाले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली ती पुण्याला येईपर्यंत.

हे एकट्या टूसॉनचं दुखणं नाही. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रेड ब्रोम नावाचं भूमध्य समुद्राकडचं गवत आहे. चांगला पाऊस झाला की ते माजतं आणि उन्हाळ्यात वाळून कोळ होतं. ऑगस्ट २०२० मध्ये सीमा डोम भागात वीज पडून आग लागली, ४३,००० एकर जळलं आणि सुमारे १३ लाख जॉशुआ वृक्ष मेले. ऑस्ट्रेलियात आपलं अंजनच. १८७० च्या सुमारास उंटांच्या खोगिरांत भरलेल्या पेंढ्यातून ते तिथे उतरलं, आणि पुढे ॲलिस स्प्रिंग्जजवळ धूळ उडू नये म्हणून मुद्दाम पेरलं. २०१५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीने ते तण म्हणून जाहीर केलं. धूळ बसली, हे खरं आहे.

प्रश्न : मॅडम, सुप्याजवळ माझा तीन एकर माळ आहे. त्यावर अंजन, मारवेल आणि थोडं पवना आहे. वीस शेळ्या त्यावरच असतात. तुमचं वाचून थोरला म्हणतो, धोक्याचं गवत आहे, औषध मारून टाकू आणि गिनी गवत लावू. काय करावं?
एक शेतकरी, बारामती तालुका

उत्तर : आधी थोरल्याच्या हातातून पंप काढून घ्या. मग पुढचं वाचा.

तुमच्या माळावरचं अंजन परकं नाही. आफ्रिकेपासून अरबस्तानातून राजस्थान आणि आपल्या दख्खनच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत त्याचं माहेर पसरलेलं आहे. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी भारतातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार पाडले. त्यातल्या आपल्याकडच्या प्रकाराचं नावच पवना-मारवेल कुळावरून आहे आणि वायव्येकडच्या कोरड्या प्रकारात अंजनाचं नाव आहे. तुमच्या तीन एकरांत या दोन्ही प्रकारांची माणसं एकत्र नांदताहेत. इथे अंजनाला खाणारी शेळी आहे, चिंकारा आहे, टोळ आहे, शेजारी मारवेल दबून बसत नाही. ॲरिझोनात यातलं काही नाही. गवत तेच, गाव वेगळं.

उलट आपल्याकडे ते जपून वाढवलं गेलंय. जोधपूरची काझरी ही कोरडवाहू संशोधन संस्था (१९५९ ची) आणि झाशीची चारा संशोधन संस्था (१९६२ ची) यांनी 'मारवाड अंजन', 'बुंदेल अंजन' असे वाण काढले आहेत. पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या तुमच्या भागात पाण्याशिवाय तगणारं, बहुवर्षायू आणि शेळी आवडीने खाईल असं दुसरं गवत शोधायला जाऊ नका.

कापणीबद्दल मात्र एक सांगते, कारण तुमच्याकडे दिवाळीनंतर कापतात हे मी पाहिलंय. तेव्हा काडी राहते, कस राहत नाही. फुलोरा येऊ लागला की कापा, सावलीत-उन्हात पालटून वाळवा, पेंढ्या बांधा. माळाचे तीन तुकडे करा आणि आळीपाळीने एक तुकडा चराईबंद ठेवा. त्यातलं बी पडू दे. पहिल्या पावसात शेळ्या लगेच सोडू नका, फुटवा हातभर होऊ दे.

गिनी गवत वाईट नाही. विहिरीचं पाणी असेल तर बांधाला लावा आणि सतत कापत राहा. माळ मोडून लावू नका. हवाई बेटांवर ऊस बंद पडल्यावर मोकळ्या सोडलेल्या शेतांत हेच गिनी गवत आणि हेच अंजन पुरुषभर वाढलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये लहैना गाव जळालं, तेव्हा वादळी वाऱ्यात आगीला घरांपर्यंत आणणारं सरपण ते होतं. गवत कापणारा माणूस आणि चरणारं जनावर दोन्ही निघून गेले की असं होतं. तुमच्याकडे वीस शेळ्या आहेत, काळजी नको.

जाता जाता : मयूरेश्वर अभयारण्य तुमच्या उशाशी आहे. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि चिंकारा पाटी वाचत नाही. चराईबंद तुकड्यात पहाटे लेंड्या दिसल्या तर कळवा. शेळीच्या आणि चिंकाऱ्याच्या लेंड्यांत फरक कसा ओळखायचा, हे तुम्हीच मला शिकवाल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. थरच्या वाळवंटातलं आक्रमक परकीय गवत कोणतं? एका ओळीत उत्तर मिळालं तर बरं.
एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : एका ओळीत : थरला छळतंय ते झाड आहे, गवत नव्हे. एवढ्यावर थांबणार असाल तर थांबा, पण मुलाखतीत पुढचं विचारतात म्हणे.

थरची गवतं मूळचीच आहेत. जैसलमेरकडे सेवण, बाकी भागात धामण. धामण म्हणजे साप नव्हे, आपलं अंजनच; मारवाडी माणूस त्याला धामण म्हणतो. तिथे बाहेरून आली ती वेडी बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मूळची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडची. वाळू थोपवायला आणि सरपणाला म्हणून तिला बोलावलं. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला 'शाही वनस्पती' ठरवून संरक्षण दिलं. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात वनखात्याने लावली, खारं पाणी पुढे येऊ नये म्हणून. आज तिथला मालधारी, म्हणजे गुरं पाळणारा, तिला 'गांडो बावळ' म्हणतो, म्हणजे तोही वेडीच म्हणतो. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि म्हशींचं कुरण काटेरी जाळीखाली गेलं.

गंमत बघा. त्यांच्या निवडुंगाच्या रानात गवत शिरलं, तर मोकळी जमीन संपली. आपल्या गवताच्या रानात त्यांचं झाड शिरलं, तरी मोकळी जमीनच संपली. माळढोकाला चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशी जागा लागते. मादी जमिनीवर एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. झाडोरा वाढला की कोल्हा कुठून येतोय, ते तिला दिसत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसेनासे का झाले, याला इतरही कारणं आहेत, पण माळाकडे 'पडीक' म्हणून बघून त्यावर झाडं लावणं हे त्यातलं एक आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बागेत ठेकेदाराने फाउंटन ग्रास सुचवलंय. फोटोत फार छान दिसतं, पाणी कमी लागतं असंही तो म्हणतो. लावावं का?
सोसायटीच्या सेक्रेटरी, बाणेर

उत्तर : पाणी कमी लागतं, हे ठेकेदार खरं बोलतो. बाकी तो काय काय बोलला नाही, ते मी सांगते.

फाउंटन ग्रास म्हणजे अंजनाची चुलत बहीण, सेंक्रस सेटॅशियस. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. दिसायला देखणी, म्हणून जगभर बागांतून गेली आणि बागांतून पळाली. ॲरिझोनात ती अंजनासारखीच डोंगरांत शिरली आहे, हवाईत लाव्हाच्या उघड्या खडकावर उगवून तिथे कधी न लागणाऱ्या आगी लावते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिला धोकादायक परक्या जातींच्या यादीत घालून विक्रीच बंद केली. टूसॉनला मुलाच्या गल्लीत एका बंगल्याच्या फाटकाशी तिची रांग होती. मी चालत त्या ओळीच्या पुढे गेले. पावसाच्या पाण्याच्या नालीत, वाळूत, पुलाखाली तिची पोरं उगवलेली. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ती लावली होती, ते स्वतः दर शनिवारी डोंगरावर अंजन उपटायला येत.

गडद जांभळ्या पानांचा जो वाण मिळतो, त्याला सहसा रुजणारं बी धरत नाही. पण नर्सरीतली चिठ्ठी बघून तो तोच आहे हे ओळखायला तुम्हाला मला बोलवावं लागेल, आणि बाणेरच्या ट्रॅफिकमधून मी येणार नाही. तुमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याशी आहे, हेही तुम्हीच लिहिलंय.

वाळा लावा. उन्हाळ्यात मुळं काढून माठात टाकता येतील, उतारावरची माती धरेल. कडेला गवती चहा लावा, रोज संध्याकाळी कुणी ना कुणी दोन पाती तोडून नेईल आणि छाटणीचा खर्च वाचेल. ठेकेदाराचा चेहरा पडेल, पण रोपं तोच आणून देईल.

प्रश्न : आमच्या शाळेमागे खूप काँग्रेस गवत आहे. ते पण असंच आक्रमक गवत आहे का? मी प्रोजेक्टमध्ये लिहू का?
इयत्ता आठवी, हडपसर

उत्तर : आक्रमक लिही, गवत लिहू नकोस. हाताला न लावता नीट बघ. गवताच्या काडीला पेरं असतात, प्रत्येक पेराशी पान काडीला गुंडाळलेलं असतं. ऊस बघ, ज्वारीचं धाट बघ, बांबू बघ. ही सगळी गवतंच. काँग्रेस गवताला पेरं नाहीत, पानं गाजरासारखी कातरलेली आहेत आणि पांढरी फुलं म्हणजे प्रत्येक ठिपक्यात अनेक फुलांचा गुच्छ आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. नाव पार्थेनियम, मूळ अमेरिका खंडातलं. आपल्या देशात ते पसरत असल्याची नोंद पहिल्यांदा १९५० च्या दशकात झाली, आणि कुठे माहीत आहे? पुण्यात. हे प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिही.

त्याची पानं खाणारा मेक्सिकोतला एक भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला होता. पावसाळ्यात शाळेमागे पानांवर पिवळसर, वर तपकिरी नागमोडी रेघा असलेला छोटा भुंगा दिसला तर तो तोच. चित्र काढ. पण रोप उपटायचं असेल तर मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून आणि फुलं यायच्या आधी. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही लागतो.

प्रश्न : मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातो. दर उन्हाळ्यात गवत पेटतं, काळं होतं, मन विषण्ण होतं. तुम्ही तिकडे उपटता तसं आपणही गवत काढून झाडं लावली तर वणवा थांबेल ना? आमचा ग्रुप येत्या जूनमध्ये पाचशे रोपं लावणार आहे.
एक फिरायला जाणारे, पौड रस्ता

उत्तर : हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझ्या दोन ओळींचा सगळ्यांत उलटा अर्थ तुम्ही काढलात. चूक माझी, दोनच ओळी लिहिल्या.

टूसॉनचं वाळवंट आणि वेताळ टेकडी यांची तुलना इथेच संपते. तिथे गवत पाहुणं आहे, इथे ते घरचं. तिथल्या झाडांना आग माहीत नाही, आपल्या गवताला माहीत आहे. कुसळी घ्या. तुमच्या मोज्यांत अडकून तुमच्या घरच्यांच्या शिव्या खाणारं कुसळ म्हणजे तिचं बी. त्याला वरती लांब पिळलेली शेपटी असते. कोरड्या हवेत तिचा पीळ आवळतो, दव पडलं की सैल होतो. रोज असं पिळत-उलगडत ते टोकदार बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. वणवा येतो तेव्हा ते जमिनीखाली असतं. ठोंबाचे डोळेही जमिनीलगत असतात. म्हणून जूनच्या दुसऱ्या पावसाला ती काळी टेकडी हिरवी होते.

म्हणजे वणवा चालू दे, असं मी म्हणत नाहीये. टेकडीवरचे वणवे विजेने लागत नाहीत. विडीचं थोटूक, कचरा जाळणं, कधी कुणी गंमत म्हणून. दरवर्षी, तेही मार्च-एप्रिलात लागले की चंडोलांची आणि टिटवीची जमिनीवरची घरटी जातात, सरडे जातात, गवतातून कशीबशी वर आलेली बोरीची आणि खैराची मूळची रोपं जातात. त्यासाठी डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या असतात, वाटांच्या कडेचं गवत कापून न्यायचं असतं. पूर्वी गवळी ते कापून न्यायचे, कुणाला सांगावं लागत नसे. गवळी गेले, गवत राहिलं.

तुमच्या पाचशे रोपांबद्दल. कोणती? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला भीती वाटते. मागे असंच उत्साहाने पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावली. तीही मध्य अमेरिकेतली, गुलाबी फुलांची, झटपट वाढणारी, म्हणून सगळ्यांना आवडली. आज तिच्याखाली जाऊन बघा, पवना दिसतोय का, मारवेल दिसतंय का. जिथे मूळचं गवत अजून उभं आहे, तिथे खड्डे घेऊ नका. एक खड्डा म्हणजे हातभर घेराचा ठोंब गेला. पायथ्याशी, ओढ्याच्या कडेला, जिथे राडारोडा टाकून जमीन आधीच बिघडवलेली आहे, तिथे लावा, आणि तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल एवढीच लावा. पाचशे नव्हे, पन्नास पुरे.

आणि जूनमध्ये यायच्या आधी एकदा ऑक्टोबरअखेरीस टेकडीवर येऊन बघा. मी रविवारी सातला कांचन गल्लीच्या बाजूने चढते. तेव्हा पवन्याची कणसं रुपेरी झालेली असतात, कुसळी तांबूस. पाचेक जातींचं गवत अर्ध्या तासात दाखवीन. मोजे घालून येऊ नका. नुसत्या चपला चालतील. कुसळं मोज्यात शिरतात, उघड्या पायावर बसत नाहीत.